विदिनला जायचंय? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बल्गेरियाला जाणारी आपली मंडळी सोफिया, रिला मठ आणि प्लोवदिव करून परततात. वेळ उरलाच तर काळ्या समुद्राकडे वळतात. देशाच्या वायव्य कोपऱ्यातल्या विदिनकडे सहसा कोणी फिरकत नाही. जे जातात तेही बेलोग्राद्चिकच्या खडकांच्या वाटेवर तासभर थांबून पुढे निघतात. हे पान अशा घाईतल्या लोकांना थोडं थोपवण्यासाठी आहे.

विदिन नेमकं कुठे आहे?

डॅन्यूबच्या उजव्या काठावर, नदीच्या मुखापासून प्रवाहाच्या उलट दिशेने मोजलं तर सुमारे ७९० किलोमीटरवर. समोरच्या काठावर रुमानियाचं कालाफात, पश्चिमेला तीस-चाळीस किलोमीटरवर सर्बियाची हद्द. तीन देश एकमेकांना भिडतात अशा कोपऱ्यातलं हे गाव आहे, त्यामुळे दोन हजार वर्षांत ज्याला डॅन्यूब ओलांडायची किंवा अडवायची होती तो प्रत्येक जण इथे येऊन गेला. केल्टिक लोकांनी दुनोनिया म्हटलं, रोमनांनी बोनोनिया, मध्ययुगातल्या बल्गेरियन लोकांनी ब्दिन. त्यानंतर ऑस्मानी (ऑटोमन) तुर्क, मधल्या काळात थोडे दिवस ऑस्ट्रियन, आणि १८७८ मध्ये रुमानियाचं सैन्य. लोकसंख्या आज चाळीस हजारांच्या आत आहे. सगळं गाव चालत फिरता येतं.

किती दिवस ठेवावेत?

दोन रात्री. पहिला दिवस गावासाठी, दुसरा बेलोग्राद्चिक आणि मागुरा गुहेसाठी. सोफियाहून एका दिवसात जाऊन यायचा बेत बरेच जण आखतात. जमतं, पण निम्मा दिवस रस्त्यात जातो आणि विदिनची संध्याकाळ हातची जाते. दुपारी हे गाव उन्हात पेंगत असतं. सहानंतर नदीकाठच्या बागेत आजी-आजोबा बाकांवर येऊन बसतात, पोरं सायकली काढतात, गळ टाकून बसलेल्या माणसांशेजारी पाण्याने भरलेल्या बादल्या दिसू लागतात. ते पाहायचं नसेल तर इतक्या लांब यायचं कशाला?

व्हिसा कोणता लागतो?

भारतीय पासपोर्टवर शेंगेन व्हिसा. बल्गेरिया आणि रुमानिया मार्च २०२४ च्या अखेरीस हवाई व सागरी मार्गांपुरते शेंगेनमध्ये आले आणि १ जानेवारी २०२५ पासून जमिनीवरच्या सीमांसाठीही. जुन्या लेखांत ‘बल्गेरियाचा वेगळा व्हिसा’ असं वाचायला मिळेल, ते सोडून द्या. अर्ज कोणाकडे करायचा ते मुक्काम सर्वात जास्त कुठे आहे त्यावर ठरतं. व्हिएन्नात पाच रात्री आणि बल्गेरियात तीन असतील तर अर्ज ऑस्ट्रियाकडे. प्रौढांसाठी शुल्क ९० युरो, शिवाय किमान ३० हजार युरोचं संरक्षण देणारा प्रवासविमा. अर्ज निघण्याच्या सहा महिने आधीपासून करता येतो. उन्हाळ्यात भेटीची वेळ मिळणं हीच खरी अडचण असते, म्हणून तेवढं लवकर करा.

एक गोष्ट लक्षात ठेवा. सर्बिया शेंगेनमध्ये नाही. विदिनहून ‘जवळच तर आहे’ म्हणून सर्बियात जाऊन यायचं मनात असेल आणि व्हिसा एकाच प्रवेशाचा असेल, तर परत येताना दार बंद मिळेल.

पैसे? लेव्ह चालतात का?

१ जानेवारी २०२६ पासून बल्गेरियात युरो आहे. लेव्ह इतिहासजमा झाले. ठरलेला दर होता एका युरोला १.९५५८३ लेव्ह. मागच्या फेरीतल्या नोटा कपाटात असतील तर बल्गेरियाच्या मध्यवर्ती बँकेत त्या बदलून मिळतात, दुकानात मात्र आता त्यांचा उपयोग नाही. सुटे म्हणून कोणी लेव्ह देऊ लागलं तर घेऊ नका. हॉटेलं आणि मोठ्या दुकानांत कार्ड चालतं. बाजार, टॅक्सी आणि बेकरीच्या खिडकीसाठी खिशात नाणी असू द्या.

मुंबई-पुण्याहून पोहोचायचं कसं?

सोफियाला थेट विमान नाही. इस्तंबूल, दुबई किंवा युरोपातल्या एखाद्या मोठ्या विमानतळावर बदलावं लागतं. सोफियाहून विदिन रस्त्याने सुमारे दोनशे किलोमीटर. मध्यवर्ती बसस्थानकावरून बस मिळते, साधारण चार तास लागतात.

रेल्वेला त्याहून जास्त वेळ लागतो, पाच तास धरून चाला. तरी एका बाजूने रेल्वेनेच जा असं सांगेन. सोफिया सोडल्यावर गाडी इस्कर नदीच्या घळीत शिरते. कडे इतके जवळ येतात की खिडकीतून वर पाहताना मान दुखते, आणि नदी कधी डावीकडे तर कधी उजवीकडे दिसत राहते. मेझद्रा, व्राचा ही स्थानकं मागे पडली की डोंगर उतरत जातात आणि सूर्यफुलांची, मक्याची सपाट शेतं सुरू होतात. डबे जुने असतात, वेळ पाळण्याबाबत फार आशा ठेवू नका, खाणं-पाणी बरोबर घ्या.

गाडी भाड्याने घेणार असाल तर आंतरराष्ट्रीय परवाना हवा आणि महामार्गांसाठी इलेक्ट्रॉनिक विन्येट, म्हणजे रस्ता वापरण्यासाठी आधीच भरायची पथकराची पावती. ती गाडीच्या भाड्यात धरली आहे का, ते विचारून घ्या. विदिनकडे येणारा रस्ता मध्य युरोपातून तुर्कस्तानकडे जाणाऱ्या ट्रकांचाही आहे. बऱ्याच भागात दोनपदरीच आहे, त्यामुळे एखाद्या ट्रकच्या मागे अर्धा तास काढायची तयारी ठेवा. रुमानियाकडून येणाऱ्यांना क्रायोवाचा विमानतळ सोयीचा पडतो. तिथून कालाफात शंभर किलोमीटरच्या आत आहे.

बाबा विदा किल्ल्यात एवढं काय आहे?

विदिनला यायचं पहिलं कारण हाच किल्ला. ‘बाबा’ म्हणजे बल्गेरियनमध्ये आजी, म्हणजे हा विदा आजीचा किल्ला. बल्गेरियातला जवळजवळ पूर्ण शाबूत राहिलेला एकमेव मध्ययुगीन किल्ला, अशी त्याची ओळख करून दिली जाते. देशातले बाकीचे बहुतेक किल्ले म्हणजे अर्धवट तट आणि त्यांवर नव्याने चढवलेले दगड. इथे तुम्ही खंदक ओलांडून दरवाजातून आत शिरता, बाहेरचा तट, आतला तट, बुरूज, मधलं अंगण, जिने, कोठड्या, सगळं जागच्या जागी आहे.

सह्याद्रीतले किल्ले पाहिलेल्या माणसाला हा लहान वाटेल, आणि चढ शून्य. हा चोख भुईकोट आहे. संरक्षणाची सगळी भिस्त नदीवर आणि खंदकावर. खालचा पाया रोमन बोनोनियाचा, वरचं बांधकाम दहाव्या शतकापासून पुढचं. सन १००२ मध्ये बायझंटाईन सम्राट दुसरा बासिल याने विदिनला वेढा घातला तो आठ महिने चालला. चौदाव्या शतकात बल्गेरियाचं राज्य वाटलं गेलं आणि इव्हान स्त्रात्सिमिर हा विदिनचा स्वतंत्र झार झाला. १३६५ मध्ये हंगेरियन राजा लायोशने त्याला पकडून नेलं, चार वर्षांनी तो परत आला. १३९६ मध्ये युरोपातलं क्रुसेडर सैन्य ऑस्मानींवर चालून आलं तेव्हा त्याने विदिनचे दरवाजे त्यांना उघडून दिले. काही आठवड्यांत तेच सैन्य नदीच्या खालच्या अंगाला, निकोपोलजवळ, सुलतान बायझीदकडून चिरडलं गेलं. स्त्रात्सिमिर कैद झाला आणि बल्गेरियाचं शेवटचं स्वतंत्र राज्य संपलं.

हा टिकला कसा, हा खरा प्रश्न. ऑस्ट्रियनांनी १६८९ मध्ये विदिन घेतलं आणि पुढच्याच वर्षी ऑस्मानींनी ते परत जिंकलं. त्यानंतर सगळ्या गावाभोवती तोफांच्या युगाला साजेशी नवी तटबंदी उभी राहिली. जुना किल्ला आघाडीवरून मागे पडला, शस्त्रागार आणि तुरुंग म्हणून वापरात राहिला. वापरात होता म्हणून पाडला गेला नाही, आणि आघाडीवर नव्हता म्हणून उडवलाही गेला नाही.

तटावर चढता येतं. बऱ्याच ठिकाणी कठडा कमी उंचीचा आहे किंवा नाहीच. लहान मुलांचा हात सोडू नका. उन्हाळ्यात आतल्या अंगणात नाटकं आणि ऑपेरा होतात. तारखा जुळल्या तर तिकीट काढाच.

विदा आजीची गोष्ट काय आहे?

डॅन्यूबकाठच्या एका राजाला तीन मुली: विदा, कुला आणि गाम्झा. मरताना त्याने राज्य तिघींत वाटून दिलं. धाकट्या दोघींनी घाईघाईने लग्नं केली आणि नवऱ्यांनी सगळं उधळलं. विदाने लग्नच केलं नाही. किल्ला बांधला, रयत सांभाळली आणि म्हातारपणापर्यंत तिथेच राहिली. कुलाच्या नावाचं गाव विदिनच्या पश्चिमेला तीसेक किलोमीटरवर आहे, तिथेही रोमन किल्ल्याचे अवशेष आहेत. गाम्झाचं नाव सर्बियातल्या गाम्झिग्रादशी जोडतात. इतिहासकार अर्थातच ही कथा मानत नाहीत, पण गावातल्या कोणाला विचारा, विदा त्यांच्या ओळखीची असते.

स्त्रियांवरूनच आठवलं, स्त्रात्सिमिरची राणी आना हिने १३६० मध्ये एक हस्तलिखित तयार करवून घेतलं. त्यात मुख्यतः संत स्त्रियांची चरित्रं आहेत. ‘ब्दिन्स्की झ्बोर्निक’ या नावाने ते ओळखलं जातं आणि आज बेल्जियममध्ये गेंट विद्यापीठात आहे. विदिनच्या दरबाराचं इतकं जवळचं काही विदिनमध्ये मात्र पाहायला मिळत नाही.

किल्ला झाला, आता पुढे कुठे?

किल्ल्याच्या दारातून बाहेर पडून नदीकाठच्या बागेतून दक्षिणेकडे चालत सुटा. टॅक्सी करू नका. विदिनची गंमत या चालण्यातच आहे.

पहिल्यांदा लागतं सिनेगॉग. १८९४ मध्ये बांधलेलं, सोफियातल्या सिनेगॉगखालोखाल देशातलं सर्वात मोठं. १९४८ नंतर इथले बहुतेक ज्यू इस्रायलला गेले आणि इमारत पोरकी झाली. पुढे तिचं छप्परही गेलं. कित्येक दशकं चार मनोरे आणि मधल्या रित्या सांगाड्यात वाढलेली झाडं, एवढंच उरलं होतं. छायाचित्रकारांचं ते आवडतं ठिकाण झालं होतं, इंटरनेटवर अजूनही तेच फोटो जास्त दिसतात. आता ती अवस्था नाही. दुरुस्ती होऊन २०२३ मध्ये ती सांस्कृतिक केंद्र म्हणून उघडली, विदिनमध्ये १८८५ साली जन्मलेला आणि पॅरिसमध्ये नावारूपाला आलेला चित्रकार झ्यूल पास्किन याच्या नावाने. काहींना जुनं भग्न रूप जास्त भावायचं. मला तरी छप्पर असलेली इमारत बरी वाटते.

पुढे बागेतच ओस्मान पाझवांतोग्लूची मशीद आणि तिच्या शेजारी बसकी, घुमटाची ग्रंथालयाची इमारत. इथे मिनाराच्या टोकाकडे नीट पाहा. चंद्रकोर नाही. तिच्या जागी भाल्याच्या पात्यासारखा, उलट्या बदामासारखा आकार आहे. का, त्याची स्पष्टीकरणं अनेक आहेत आणि प्रत्येक वाटाड्या आपलं खात्रीने सांगतो. ज्याने ती बांधली त्याचा स्वभाव पाहता, सुलतानाची खूण डोक्यावर नको, हे कारण पटण्यासारखं आहे.

मग क्रॉसच्या आकाराची जुनी लष्करी बराक, ‘क्रस्ताता कझार्मा’, जिच्यात आता लोकजीवनाचं संग्रहालय आहे. आणि कोनाक, म्हणजे ऑस्मानी कारभाराची इमारत, जिच्यात पुरातत्त्व आणि इतिहासाचं संग्रहालय आहे. दोन्हीत वेळ कमी असेल तर कोनाक निवडा, रोमन काळातल्या वस्तूंसाठी.

चर्चपैकी संत दिमितारचं कॅथेड्रल मोठं आहे, पण मला त्याहून सतराव्या शतकातली छोटी संत पेत्का आणि संत पांतेलेइमोन ही चर्च जास्त आवडतात. संत पेत्काची इमारत बसकी, जमिनीत अर्धी रुतल्यासारखी आहे. पायऱ्या उतरून आत जावं लागतं. बाहेरून कोठार वाटावं अशा भिंतींच्या आत काळवंडलेली भित्तिचित्रं अंधाराला डोळे सरावल्यावर एकेक करून दिसू लागतात. दार बंद असेल तर संग्रहालयात चौकशी करा. याच परिसरात बल्गेरियन चर्चचा पहिला एक्झार्क, म्हणजे प्रमुख धर्मगुरू, आंतिम याची समाधी आहे. तो १८८८ मध्ये विदिनमध्येच वारला.

शेवटी स्ताम्बोल कापिया, इस्तंबूलकडे तोंड केलेला तटाचा दरवाजा. आता तो चौकाच्या कडेला एकटाच उभा आहे, समोर कारंजी आणि साम्यवादी काळातल्या उंच इमारती. लोक भेटायची जागा म्हणून हाच सांगतात.

किल्ला, सिनेगॉग, मशीद, चर्च आणि तटाचा दरवाजा, सगळं रमतगमत चाललं तरी अर्ध्या दिवसात होतं.

हा पाझवांतोग्लू कोण?

विदिनचा बंडखोर. १७५८ मध्ये जन्म. त्याच्या वडिलांना सरकारी हुकमाने मारण्यात आलं. ओस्मान निसटला, काही काळाने माणसं जमवून विदिनवर ताबा मिळवून बसला. सुलतान तिसरा सेलिम सैन्यात आणि करवसुलीत सुधारणा करू पाहत होता. त्या सुधारणांनी नाराज झालेले जॅनिसरी (सुलतानाचे खडे सैनिक) आणि डोंगरातले लुटारू ओस्मानच्या झेंड्याखाली आले. १७९८ मध्ये प्रचंड शाही फौजेने विदिनला वेढा घातला. महिनोन्‌महिने झुंजून ती हात हलवत परत गेली. अखेर सुलतानाने त्याला माफी दिली, वर पाशा हा किताबही. तो स्वतःची नाणी पाडत होता, परदेशी सत्तांशी परस्पर बोलणी करत होता.

त्याच्या राज्यात विदिनचे रस्ते सुधारले, ग्रंथालय उभं राहिलं, आणि त्याच वेळी त्याच्या टोळ्यांनी आसपासचा मुलूख लुटून फस्त केला. स्थानिक माणसं त्याच्याबद्दल बोलताना थोडं अभिमानानेच बोलतात, मग खेड्यांत काय झालं तेही सांगतात. १८०७ मध्ये तो मेला. ग्रंथालयातली पुष्कळ पुस्तकं पुढे इस्तंबूल आणि सोफियाला गेली.

शाकाहारी माणसाचे हाल होतात का?

नाही, फक्त तोचतोचपणा येतो. शोप्स्का कोशिंबीर सगळीकडे मिळते: टोमॅटो, काकडी, मिरची, कांदा आणि वर किसलेलं पांढरं खारट ‘सिरेने’ चीज. उन्हाळ्यात ‘तारातोर’ मागवा. दही पातळ करून त्यात काकडी, लसूण, शेपू आणि अक्रोड. आपल्या काकडीच्या कोशिंबिरीची पातळ, थंडगार बहीण म्हणावी अशी. ‘बॉब चोर्बा’ म्हणजे घेवड्याचं दाट सूप, त्यात कधी कधी मांसाचे तुकडे असतात, आधी विचारा. ‘मिश-मश’ म्हणजे भाज्या, चीज आणि अंडं. भरल्या मिरच्या दोन प्रकारच्या असतात, चीज-अंड्याच्या आणि खिम्याच्या. ‘बेझ मेसो’ म्हणजे मांसाशिवाय, हे दोन शब्द पाठ करा. अंडं-दूधही न खाणाऱ्यांसाठी ‘पोस्तनो’ हा शब्द कामाचा आहे, कारण ऑर्थोडॉक्स उपासाच्या दिवसांत चालणारं अन्न त्या नावाने मागता येतं.

सकाळी बेकरीत ‘बानित्सा’ घ्या. पापुद्र्यांत चीज घालून भाजलेली, कागदात गुंडाळून देतात आणि तेलाचा डाग बोटांपर्यंत येतो. बरोबर आयरन, म्हणजे खारं ताक. बल्गेरियन दही हा स्वतंत्र विषय आहे. त्यातला जिवाणू स्तामेन ग्रिगोरोव या बल्गेरियन डॉक्टरने १९०५ मध्ये ओळखला. किराणा दुकानातलं अगदी साधं दहीसुद्धा उत्तम निघतं. हॉटेलच्या नाश्त्यापेक्षा तेच घ्या.

मासे खाणाऱ्यांची तर चंगळ. डॅन्यूबमधला कार्प आणि सोम नावाचा मोठा बिनखवल्यांचा मासा, तळलेला किंवा भाजलेला, आणि आंबटसर ‘रिबेना चोर्बा’. मसाल्यांची सवय असलेल्या जिभेला ते अळणी वाटेल, लिंबू आणि मिरपूड मागून घ्या. पेय घेणाऱ्यांनी गाम्झा द्राक्षाची स्थानिक लाल वाइन चाखावी. हलकी असते आणि जेवणाबरोबर चांगली जाते.

मान हलवण्याचा काय घोळ आहे?

बल्गेरियात मान आडवी हलवली की होकार, आणि वर उडवली की नकार. आपल्याकडची ‘हो हो’ म्हणत डोलणारी मान तिथे बहुधा बरोबर समजते. उभी मान डोलावून होकार देण्याची सवय असेल तर मात्र कॉफी येणार नाही. ‘दा’ म्हणजे हो, ‘ने’ म्हणजे नाही. तोंडाने बोला. काही लोक परदेशी पाहून मुद्दाम आपल्या पद्धतीने मान हलवतात, त्यामुळे नुसत्या मानेवर विसंबूच नका.

लिपीचं काय करायचं?

सिरिलिक वाचायला एका संध्याकाळचा सराव पुरतो. पाट्यांवरचं पुष्कळसं कळण्यासारखंच असतं: रेस्तोरांत, बँका, हॉटेल, आप्तेका म्हणजे औषधांचं दुकान. तरुणांना इंग्रजी येतं, पन्नाशीच्या पुढच्यांना रशियन किंवा जर्मन जास्त. बसस्थानकाच्या खिडकीवर इंग्रजीची अपेक्षा ठेवू नका. गावाचं नाव आणि वेळ कागदावर लिहून दाखवलं की काम होतं.

डॅन्यूबमध्ये पोहता येतं का?

पोहू नका. पात्र रुंद आणि वरून शांत दिसतं, पण आतला प्रवाह जोराचा आहे, शिवाय मालवाहू ताफे जात असतात. या नदीने गावाला अनेकदा रडवलंय: १९४२ च्या पुरात विदिनचा मोठा भाग उद्ध्वस्त झाला, आणि २००६ च्या वसंतात पाणी पुन्हा धोक्याच्या पातळीवर चढलं होतं. काठावर बसून पाहायला मात्र तिच्यासारखी नदी नाही. उन्हाळ्यात डास भरपूर असतात, संध्याकाळी लांब बाह्या आणि मलम हवंच.

बेलोग्राद्चिक आणि मागुरा एका दिवसात होतात?

होतात, सकाळी लवकर निघालात तर. बेलोग्राद्चिक विदिनहून सुमारे पन्नास किलोमीटर. लालसर वालुकाश्म आणि गोटे एकत्र बसून घट्ट झालेल्या खडकाचे सुळके, काही दोनशे मीटरपर्यंत उंच, तीसेक किलोमीटर लांबीच्या पट्ट्यात पसरलेले. प्रत्येकाला नाव आहे: मॅडोना, घोडेस्वार, शाळकरी मुलगी, आदम आणि हव्वा, अस्वल. नावं कळल्याशिवाय काही दिसत नाही आणि कळल्यावर दुसरं काही दिसत नाही. ‘कालेतो’ किल्ला या सुळक्यांनाच भिंती करून बांधला आहे: रोमनांनी सुरुवात केली, स्त्रात्सिमिरने वाढवला, एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात ऑस्मानींनी आजचं रूप दिलं. इथे मात्र चढ आहे, शेवटच्या टप्प्यात लोखंडी शिड्या. गुडघे कुरकुरत असतील तर खालच्या अंगणातूनही दृश्य पैसे वसूल करणारं आहे.

मागुरा गुहा राबिशा गावाजवळ. सुमारे अडीच किलोमीटर लांब, आत वर्षभर साधारण बारा अंश. जून महिन्यातही अंगात काहीतरी गरम घाला, आणि बूट न घसरणारे हवेत. भिंतींवर वटवाघळांच्या विष्ठेने काढलेली प्रागैतिहासिक चित्रं आहेत: नाचणाऱ्या बाया, शिकारी, प्राणी, सूर्य. चित्रांचा भाग जपण्यासाठी तिथला प्रवेश मर्यादित असतो, म्हणून तिकीट काढतानाच तो उघडा आहे का ते विचारा. गुहेच्या एका भागात फसफसणारी वाइन मुरवत ठेवतात.

बस मोजक्या आहेत आणि दोन्ही ठिकाणं बसने एका दिवसात जुळवणं कठीण. चारजण मिळून दिवसभराची टॅक्सी ठरवा, भाडं आधी ठरवून. सोफियाहून रेल्वेने थेट बेलोग्राद्चिकला जायचं तर ओरेशेत्स स्थानकावर उतरावं लागतं.

रोमन अवशेषांची आवड आहे. रातियारिया पाहावं का?

विदिनच्या आग्नेयेला आर्चार गावाजवळ रातियारिया होतं. सम्राट त्रायानच्या काळातली वसाहत, आणि रोमनांनी डॅन्यूबपलीकडचा डाकिया प्रांत सोडल्यावर नदीच्या अलीकडच्या काठाला वसवलेल्या नव्या डाकियातलं प्रमुख नगर. आज तिथे पाहण्यासारखं थोडंच आहे आणि कारण वेदनादायक आहे. १९९० नंतर गुप्तधन शोधणाऱ्यांनी यंत्रं लावून सगळा परिसर खणून काढला. खड्डेच खड्डे आहेत. पुरातत्त्वाची खास आवड असेल तरच जा. एरवी कोनाक संग्रहालय पुरे.

गाव एवढं रिकामं का वाटतं? सुरक्षित आहे ना?

सुरक्षित आहे. पाकीट सांभाळण्यासारखी नेहमीची काळजी पुरे, एकट्या बाईने संध्याकाळी नदीकाठी फिरायला हरकत नाही. आपत्कालीन क्रमांक ११२.

रिकामेपणाचं कारण वेगळं आहे. साम्यवादी काळात इथे रसायनं, टायर, पंप यांचे मोठे कारखाने होते. १९८९ नंतर ते एकामागून एक बसत गेले. कामधंद्यासाठी तरुण सोफियाला गेले आणि युरोपीय संघात प्रवेश मिळाल्यावर जर्मनी, स्पेन, इटलीला. बल्गेरियाचा वायव्य भाग गेली कित्येक वर्षं युरोपीय संघातल्या सर्वात गरीब प्रदेशांत मोजला जातो. बंद दुकानं, पोपडे निघालेल्या इमारती दिसतील. फोटोसाठी ‘भकास सौंदर्य’ शोधत फिरणाऱ्यांचा लोकांना कंटाळा आहे, आणि तो रास्त आहे. राहा, जेवा, वाटाड्याला पैसे द्या.

आम्ही क्रूझने येतोय, हातात तीनच तास आहेत. काय करू?

बहुतेक जहाजं इथून प्रवाशांना बसमध्ये भरून बेलोग्राद्चिकला नेतात आणि विदिनला फक्त धक्का म्हणून वापरतात. शक्य असेल तर ती सहल सोडा आणि गावात उतरा. बाबा विदासाठी सव्वा तास, मग काठाकाठाने सिनेगॉग, मशीद, स्ताम्बोल कापिया. बेकरीत थांबा. जहाज धक्क्यालाच असतं, हरवायची भीती नाही.

कोणत्या महिन्यात जावं?

मे, जूनचा पहिला पंधरवडा, सप्टेंबर. जुलै-ऑगस्टमध्ये पारा पस्तिशी गाठतो आणि हवा साचून राहते. हिवाळ्यात नदीवरून येणारा वारा झोंबतो, संग्रहालयांच्या वेळा कमी होतात. जानेवारीतच असाल तर ६ तारखेला नदीकाठ गाठा. त्या दिवशी बल्गेरियात ठिकठिकाणी पुजारी पाण्यात क्रॉस टाकतो आणि तरुण तो काढायला बर्फगार पाण्यात उड्या घेतात. वेळेचा हिशेब: बल्गेरिया उन्हाळ्यात आपल्या अडीच तास मागे, हिवाळ्यात साडेतीन.

पूल ओलांडून रुमानियात जाऊन यावं का?

जाऊन या, दुपारचे दोन-तीन तास पुरतात. हा ‘नवा युरोप पूल’ जून २०१३ मध्ये सुरू झाला. त्याआधी विदिन-कालाफात फेरीबोट होती, आणि ट्रकवाले तिच्यासाठी तासन्‌तास रांगेत उभे असत. बल्गेरिया आणि रुमानिया यांच्यामधल्या डॅन्यूबच्या सुमारे ४७० किलोमीटरच्या सीमेवर त्यापूर्वी एकच पूल होता, रुसेजवळचा, १९५४ चा. नव्या पुलावर रस्ता, रेल्वे आणि सायकल-पादचाऱ्यांची वाट आहे. पूल गावापासून काही किलोमीटर उत्तरेला असल्यामुळे चालण्यापेक्षा सायकलने जाणं सोयीचं. मोटारीला टोल लागतो. आता सीमेवर नेहमीची तपासणी नाही, तरी पासपोर्ट जवळ ठेवा. अधूनमधून थांबवून पाहतात. पुलाच्या मधोमध थांबून दक्षिणेकडे पाहिलं तर वळणावर विदिन दिसतं. फोटो तिथूनच घ्या, कालाफातच्या काठावरून किल्ला फार लांब पडतो.